हाताचे पैसे

आमच्या घरी दिवाळी जुलैत येते.

म्हणजे खरी दिवाळी तुमच्या सगळ्यांबरोबरच, मंडळाच्या हॉलमध्ये, फराळाच्या रांगेत ताटली धरून. पण त्याआधी तीन महिने शोंबर्गच्या आमच्या मागच्या डेकवर एक दिवाळी होऊन गेलेली असते. भर उन्हात आकाशकंदील टांगलेला, टेबलावर चकल्या, करंज्या, पणत्या, आणि मी स्टुलावर उभी राहून कॅमेरा खाली रोखलेला. शेजारच्या आजींनी पहिल्या वर्षी कुंपणावरून विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे का? मी म्हटलं, दिवाळी आहे. त्यांनी लगेच तोंडभरून ‘हॅपी दिवाली’ म्हटलं. ऑक्टोबरात मी पुन्हा पणत्या लावल्या तेव्हाही म्हटलं, पण जरा संशयानेच.

जुलैचं कारण साधं आहे. मी स्टॉक फोटो विकते. दिवाळीचा फोटो ज्यांना हवा असतो ते लोक तो ऑगस्ट-सप्टेंबरात शोधायला लागतात. त्याआधी तो तपासून, मंजूर होऊन, शोधात वर यायला हवा. यात एक अनपेक्षित फायदाही आहे. इलिनॉयमध्ये खरी दिवाळी येईपर्यंत झेंडू बहुतेकदा दंवाने काळा पडलेला असतो. जुलैत मात्र अंगणात भरभरून असतो. त्यामुळे माझ्या खोट्या दिवाळीला खऱ्या झेंडूचं तोरण असतं आणि खऱ्या दिवाळीला प्लास्टिकचं.

‘स्टॉक’ म्हटलं की आपल्या मंडळींना एकच गोष्ट आठवते. मागे पिकनिकला कुणीतरी ‘ही स्टॉकमधून पैसे कमावते’ असं म्हणालं आणि दोन काका भेळेच्या डिश घेऊन मला एनव्हिडियाबद्दल विचारायला आले. त्यांना खरा प्रकार सांगितला तेव्हा पहिल्यांनी विचारलं, एका फोटोचे किती? मी म्हटलं, अडतीस सेंट. ते भेळ घेऊन परत गेले. तेव्हापासून हे एकदा नीट लिहायचं मनात होतं.

वर्तमानपत्रं, जाहिरातदार, पाठ्यपुस्तकवाले यांना आयते फोटो पुरवणाऱ्या संस्था फार जुन्या आहेत. पूर्वी त्या स्लाइडच्या पेट्या आणि जाडजूड कॅटलॉग ठेवायच्या आणि एका फोटोचे शेकड्यांनी डॉलर घ्यायच्या. २००० साली कॅनडातल्या कॅलगरीत आयस्टॉकफोटो निघालं, २००३ मध्ये न्यूयॉर्कला शटरस्टॉक, आणि फोटो धान्यासारखा मापाने विकला जाऊ लागला. ग्राहक महिन्याची वर्गणी भरतो आणि हवे तेवढे उचलतो. शटरस्टॉक काढणाऱ्या जॉन ओरिंजर यांनी सुरुवातीला स्वतःचेच तीस हजार फोटो दुकानात मांडले होते म्हणे. त्यानंतर जगभरचे हौशी लोक आले. माझ्यासारखे.

याला ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणतात, आणि या शब्दाने माझ्या नवऱ्याचाही काही महिने गोंधळ उडाला होता. फ्री म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की ग्राहक तो फोटो पुन्हापुन्हा वापरू शकतो, दर वापराला वेगळे पैसे नाहीत, एवढाच अर्थ. तुमच्या अडतीस सेंटांच्या फोटोवर त्याने लाखाचा धंदा केला तरी तुमचे अडतीस सेंट ते अडतीसच.

मी या देशात २००९ साली आले, एच-फोरवर. पुण्यात सहा वर्षं एका कंपनीच्या हिशेब खात्यात होते, तिथून थेट शोंबर्गच्या अपार्टमेंटमध्ये. त्या व्हिसाबद्दल इथे वेगळं सांगायला नको, निम्मी मंडळी त्यातून गेलेली आहेत. शिक्षण आहे, घड्याळ आहे, काम करायची परवानगी नाही. नवऱ्याने सेकंडहँड कॅमेरा आणून दिला. मी तळ्यावरच्या बदकांपासून सुरुवात केली. मैत्रिणीने सांगितलं, अगं, हे ऑनलाइन विकता येतात. आम्ही कंपनीच्या वकिलाला विचारलं. त्याने बराच वेळ घेऊन उत्तर दिलं की रॉयल्टी म्हणजे नोकरी नव्हे असं म्हणता येईल, पण ग्रीनकार्डाच्या रांगेत उभं असताना असले प्रश्न आपण होऊन कशाला ओढवून घेता? आम्ही नाही ओढवून घेतले. सहा वर्षं बदकं हार्ड डिस्कवर राहिली.

२६ मे २०१५ ही तारीख मला लेकीच्या वाढदिवसासारखी पाठ आहे. ज्यांच्या जोडीदाराचा आय-वन-फोर्टी मंजूर झालेला होता, त्या एच-फोरवाल्यांना त्या दिवसापासून कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येऊ लागला. माझं कार्ड सप्टेंबरात आलं. सहा वर्षांची फट असलेला बायोडेटा पाहून मला लगेच कुणी नोकरी देणार नव्हतं, ती पुढे दीड वर्षाने मिळाली. पण कार्ड आलं त्याच रात्री मी एका एजन्सीत खातं उघडलं आणि डब्ल्यू-नाइन फॉर्म भरला.

पुढे अशी तीन खाती झाली. त्यांची नावं इथे देत नाही. घरात आम्ही त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो. थोरली कडक पण गिऱ्हाईक आणणारी, मधली गोड बोलणारी, आणि धाकटीकडून वर्षाला जेमतेम एका पिझ्झ्याचे पैसे येतात.

थोरलीकडे त्या वेळी प्रवेशपरीक्षा होती. दहा फोटो द्यायचे, सात पास व्हायला हवेत. माझे तीन झाले. बदकं सगळी नापास. मिलेनियम पार्कमधल्या त्या चकचकीत ‘बीन’चा फोटो तर मला माझा सर्वोत्तम वाटत होता. तो परत आला, कारण ती कलाकृती आहे, तिचे हक्क कलाकाराचे, जाहिरातीसाठी विकता येणार नाही. अनिश कपूर मुंबईत जन्मलेले आहेत, म्हणजे माझ्या माहेरचे, असं मी चिडून नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, मग त्यांना फोन कर. मिशिगन तलावावरचा सूर्योदय का नापास, ते शोधल्यावर कळलं: तसे फोटो तिथे आधीच ढिगांनी होते.

दुसऱ्या खेपेला आठ पास झाले. ऑक्टोबरच्या अखेरीस पहिली विक्री. पांढऱ्या कागदावर ओतलेली तुरीची डाळ. पंचवीस सेंट. मी फोन घेऊन जिन्यावरून धावत खाली आले. हसू नका. सहा वर्षांत या देशात माझ्या नावावर आलेला तो पहिला पैसा होता.

ती तुरीची डाळ आजही माझा सगळ्यात जास्त विकला जाणारा फोटो आहे. त्यात कला शून्य. मी जीव ओतून काढलेली, खिडकीतून तिरका उजेड आलेली पुरणपोळी वर्षातून चारदा जाते आणि डाळ आठवड्यातून चारदा. डाएटिशियनला डाळ लागते, विमा कंपनीला लागते, हॉस्पिटलच्या माहितीपत्रकाला लागते. पुरणपोळी कुणाला लागते? पण एक धडा मिळाला. सूर्योदय सगळ्यांकडे आहे, आपल्या डब्यात जे आहे ते फार थोड्यांकडे आहे. मी शेवग्याच्या शेंगा काढल्या, साबुदाणा, कोकम, भाकरी, हळदी-कुंकवाची कोयरी, गुढी. डेव्हन अव्हेन्यूवरून आणलेलं सामान आधी कॅमेऱ्यासमोर, मग फोडणीत. लेक लहान असताना ताटाला हात लावण्याआधी विचारायची, “आई, याचा फोटो झाला?”

खरी हमाली फोटो काढण्यात नसते, कीवर्डमध्ये असते. एका फोटोला पन्नासपर्यंत शब्द जोडता येतात, आणि ते शोधणाऱ्याच्या डोक्यातले हवेत, आपल्या नव्हे. करंजीला ‘गुजिया’ लिहावं लागतं, चकलीला ‘मुरुक्कू’. उटण्याला मी सुरुवातीला भक्तिभावाने ‘अभ्यंग’ वगैरे लिहिलं होतं, एकही विकला गेला नाही. ‘स्पा’ लिहिल्यावर गेला. आणि मोदकाला ‘डम्पलिंग’. ते लिहिताना माझा हात अडला होता, खरंच सांगते. पण डम्पलिंग लिहिल्याशिवाय मोदक कुणाला दिसतच नाही.

आता मोदकाचीच गोष्ट.

२०१६ च्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली होती. ती वाईची. तिचं माहेरही तिकडचंच, घाटाखालचं एक लहान गाव, तिथे मोदक तळणीचे. उकडीचे ती सासरी शिकली, माझी आजी चिपळूणची होती म्हणून. सासूबाईंनी पहिल्या वर्षी तिचे मोदक पाहून ‘हे कांदे कुणी केले’ असं विचारलं होतं. ते आई पन्नास वर्षांनंतरही सांगायची आणि प्रत्येक मोदकाला मोजून एकवीस कळ्या पाडायची.

त्या वर्षी गणपती ५ सप्टेंबरला होते, सोमवार आणि लेबर डे. सगळे घरी. आई ओट्याशी बसली होती, खिडकीतून सकाळचं ऊन तिच्या हातांवर. डाव्या तळहातावर पारी, उजव्या हाताची तीन बोटं कळ्या ओढत होती. मी सारण ढवळायचं सोडून कॅमेरा आणला. चाळीसेक फोटो काढले. सारण खाली लागलं.

त्यातला एक फार चांगला आला होता. मी थोरलीकडे पाठवला. दोन दिवसांनी परत आला. कारण वाचून मला आधी कळेचना. आईच्या डाव्या मनगटाच्या वर गोंदलेलं होतं, तुळशीवृंदावन आणि त्याखाली तीन ठिपके. थोरलीचं म्हणणं: या खुणेमुळे व्यक्ती ओळखता येते, तेव्हा मॉडेल रिलीज पाहिजे. आणि हा टॅटू आहे, टॅटू म्हणजे कलाकृती, तेव्हा ज्या कलाकाराने तो काढला त्याचं लेखी संमतिपत्रही पाहिजे. बीनला लावलेलाच नियम.

मी आईला ते मराठीत वाचून दाखवलं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ती नऊ वर्षांची असताना, मांढरदेवीच्या जत्रेत, एका बाईने झाडाखाली बसून ते गोंदलं होतं. दोन आणे आणि पसाभर ज्वारी घेतली. आई रडायला लागली तेव्हा त्या बाईने सांगितलं, पोरी, मेल्यावर सोबत एवढंच येतं.

“आता कुठे शोधतेस तिला?” आई म्हणाली. “मिळाली तर माझा पण निरोप दे.”

मॉडेल रिलीजचा प्रश्न नव्हता. फॉर्म छापला, आईला वाचून दाखवला. “म्हणजे तुझा हात कुणीही, कुठेही, कशासाठीही वापरू शकेल. कायमचा.”

“मी गेल्यावर पण?”

“हो.”

“मग बरंय की,” म्हणून तिने सही केली, ठसठशीत, देवनागरीत. साक्षीदार लागतो, तिथे नवऱ्याने केली. तो तसा भित्रा, म्हणाला, “आई, तुम्ही टुरिस्ट व्हिसावर काम केलं म्हणतील.” आई म्हणाली, “मोदक करणं काम कधीपासून झालं?”

राहिली गोंदणारी. तिचं संमतिपत्र मिळणार नव्हतं. थोरलीच्या पत्रात दुसरा मार्ग दिला होता, टॅटू पुसून पुन्हा पाठवा. मी फोटोशॉप उघडलं आणि एकेक ठिपका पुसायला बसले. वर सुरकुत्या नीट जुळायला हव्यात, नाहीतर कातडी प्लास्टिकची दिसते. चाळीस मिनिटं लागली. आई शेजारी खुर्ची ओढून बसली होती. झाल्यावर तिने पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

“साठ वर्षं घासून गेलं नाही. तू बसल्या बसल्या घालवलंस.”

ती चेष्टेने म्हणाली की नाही, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही येत नाही. फोटो पास झाला होता, मी त्या आनंदात होते.

तो विकला जाऊ लागला. गणपतीच्या आसपास तर रोज. आई वाईला परतल्यावर रविवारच्या फोनवर तिचा ठरलेला प्रश्न असायचा, “माझ्या हाताचे किती झाले?” पंचवीस सेंट म्हणजे सोळा-सतरा रुपये, हे कळल्यावर ती म्हणाली, “नारळसुद्धा येत नाही.” तरी मी निम्मे तिचे ठेवायचे. गावी गेले की पाकिटात घालून द्यायचे. ती नको नको म्हणायची आणि शेवटी एकच वाक्य, “बरं, मग त्यातले गोंदणारीचे वेगळे काढते.” आमचा घरातला विनोद झाला होता तो.

१९ ऑगस्ट २०१९ ला आई गेली. रात्री झोपेत. मी दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसले आणि पोचले तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. ३१ तारखेला तेरावा आणि २ सप्टेंबरला गणपती. घरात सण नव्हता. पण माझ्या फोनवर होता. थोरलीचं ॲप विक्री झाली की एक बारीक टिंग वाजवतं. ते बंद करायचं मला त्या दिवसांत सुचलंच नाही. भटजी पिंडाला हात लावायला सांगत होते आणि टिंग. बायका भेटायला येऊन डोळे पुसत होत्या आणि टिंग. काकूने विचारलं, “कोणाचा एवढा मेसेज येतोय गं?” मी काय सांगणार. त्या पंधरवड्यात तो फोटो १४० वेळा विकला गेला. त्याआधीही नाही, त्यानंतरही कधी नाही. २०१९ माझं सगळ्यात चांगलं वर्ष ठरलं, ११४२ डॉलर.

परत निघण्याआधी आईचं कपाट लावलं. तिची हिशेबाची वही होती, दूधवाल्यापासून सगळं त्यात. डिसेंबर २०१७: ‘हाताचे १९००. पैकी गोंदणारीचे १००.’ डिसेंबर २०१८: ‘हाताचे ३२००. पैकी गोंदणारीचे १००.’ आणि साड्यांच्या घडीखाली एक पाकीट, त्यात शंभराच्या दोन नोटा, एक जुनी निळी, एक नवी जांभळी. पाकिटावर तिच्या अक्षरात ‘गोंदणारी’. माझा विनोद होता, तिचा हिशेब होता. मी पाकीट पर्समध्ये घातलं आणि शोंबर्गला घेऊन आले.

पुढचं पैशाचं थोडक्यात सांगते, कारण काकांना तेच हवं होतं. २०२० च्या जूनमध्ये थोरलीने दर बदलले. ठरावीक सेंटांच्या जागी टक्केवारी आली, पंधरापासून चाळीसपर्यंत पायऱ्या, जितके विकाल तितके वर. पण दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर. म्हणजे डिसेंबरात दहावी झालेला मुलगा जानेवारीत पहिलीच्या वर्गात. एका विक्रीचे दहा सेंटही येऊ लागले. जगभर लोक चिडले, काहींनी निषेध म्हणून आपले फोटो काढून घेतले. मी नाही काढले. तत्त्वासाठी म्हणाल तर काढायला हवे होते. पण आईचा फोटो दुकानातून उतरवायला माझा हात होईना.

त्यानंतर उतरणच आहे. २०२४ ला ४०२ डॉलर. दहा वर्षांत तिन्ही जावांचे मिळून ६०१४. कॅमेरा, लेन्स, दिवे, पांढरे कागद यांवर २३०० गेले. माझे १८७० फोटो विक्रीला आहेत. स्वयंपाक, मांडणी, काढणं, साफ करणं, कीवर्ड असा एका फोटोमागे तास धरला, तर तासाला दोन डॉलरही पडत नाहीत. आपल्या राज्यात किमान वेतन पंधरा डॉलर आहे. रॉयल्टी दहा डॉलरच्या वर गेली की एजन्सी टेन-नाइंटी-नाइन पाठवते, तेव्हा ज्यांना हे सुरू करायचंय त्यांनी पहिल्या वर्षापासून पावत्या जपून ठेवाव्यात. सुरू करावं का? घरहप्ता भरायला म्हणून नको. एवढंच मी सांगू शकते.

आईच्या फोटोचा आकडा वेगळा ठेवला आहे. १३१२ विक्री, ४६१ डॉलर. माझ्या दुकानात दुसरा क्रमांक. पहिली अर्थात तुरीची डाळ.

२०२३ च्या शरदात लेक बारा वर्षांची होती. एका संध्याकाळी ती लायब्ररीतून आली ती धुसफुसतच. तिथे मुलांच्या दिवाळी गोष्टींच्या तासाचं पोस्टर लागलं होतं, आणि त्यावर तो मोदकाचा फोटो. दिवाळीला मोदक, ते जाऊ द्या. लेकीने मैत्रिणीला सांगितलं, हे माझ्या आजीचे हात आहेत. मैत्रीण म्हणाली, कशावरून? लेक पोस्टरजवळ गेली, मनगटाजवळ बोट ठेवलं, आणि तिथे काही नव्हतं.

“आई, आजीची तुळस कुठे गेली?”

लहानपणी ती त्या तुळशीवर बोट फिरवत झोपायची. आजी तिला त्या जत्रेची गोष्ट सांगायची, तीन ठिपके म्हणजे त्या झाडावर बसलेले पक्षी, असं काहीतरी स्वतःचंच रचून. मी तिला सगळं सांगितलं. नियम, संमतिपत्र, फोटोशॉप. तिने ऐकून घेतलं आणि अर्धं मराठी, अर्धं इंग्रजीत विचारलं, “माझा एकही फोटो तू विकला नाहीस. प्रायव्हसी म्हणालीस. मग आजीचा का?”

आजीने सही केली होती, असं मी म्हटलं. खरं होतं ते. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली तिच्यापुढे ते उत्तर काही उभं राहिलं नाही.

त्याच सुमाराला मधलीकडून पत्र आलं होतं. गोड भाषेत. तुमच्या फोटोंचा उपयोग आमच्या चित्रं काढणाऱ्या एआयला शिकवण्यासाठी केला आहे, त्याचा बोनस तुमच्या खात्यात जमा. एकसष्ट डॉलर. आधी विचारलं होतं का? अटींच्या कुठल्यातरी परिच्छेदात असेल, मी ‘मान्य’वर टिचकी मारली होती. लेकीने कुतूहलाने त्या यंत्राला मोदक करणारे हात काढायला सांगितले. चार चित्रं आली. झेंडू होता, पणत्या होत्या, मोदक मोमोसारखे. हात गोरेगुळगुळीत. एकावरही गोंदण नाही. कसं असणार, म्हटलं मी स्वतःशी. त्याला शिकायला जे हात गेले त्यांत आईचा तर मीच पुसून पाठवला होता.

त्या रात्री मी जुनी हार्ड डिस्क काढली. माझ्याकडे ‘नापास’ नावाचं एक फोल्डर आहे, एजन्सीने परत केलेलं आणि मीच न पाठवलेलं सगळं त्यात. कित्येक वर्षं उघडलं नव्हतं. आम्ही दोघी बसलो. बदकं. बीन. आणि मग ५ सप्टेंबर २०१६ ची पूर्ण सकाळ. आई ठसका लागून हसते आहे: फोकस चुकला. लेक पाच वर्षांची, नाकाला तांदळाची पिठी: चेहरा ओळखता येतो. करपलेलं सारण: व्यापारी उपयोग नाही. नवरा उकडीचा पहिला मोदक तोंडात टाकून भाजलेला: उजेड अपुरा. आणि तो फोटो, मूळ, तुळशीसकट. लेकीने पडद्यावर मोठा करून तीन ठिपके मोजले.

‘एडिटोरियल’ म्हणून एक वेगळा विभाग असतो. तिथले फोटो जाहिरातीला चालत नाहीत, बातमीला, पुस्तकाला चालतात. म्हणून संमतिपत्रं लागत नाहीत, पण काही बदलायचं नाही, जसं होतं तसंच द्यायचं, आणि ओळीच्या सुरुवातीला गाव आणि तारीख. पाठवायचा की नाही हे लेकीनेच ठरवावं असं मी म्हटलं. तिने चार महिने घेतले. मग एका रविवारी स्वतःच ओळ लिहून आणली. ‘शोंबर्ग, इलिनॉय, ५ सप्टेंबर २०१६’ आणि पुढे, गोंदलेल्या हातांनी मोदक करणारी आजी. कीवर्डमध्ये ‘टॅटू’ घातलं, आणि इंग्रजी अक्षरांत ‘गोंदण’ही. मी म्हटलं, ‘गोंदण’ कोण शोधणार? ती म्हणाली, “मी शोधेन.” डम्पलिंग मात्र तिने लिहू दिलं नाही.

आधी एकदा परत आला, तारखेची मांडणी चुकली म्हणून. दुसऱ्यांदा पास झाला. आतापर्यंत तीनदा विकला गेलाय. एकदा दहा सेंट, एकदा अडतीस, एकदा पन्नास. अठ्ठ्याण्णव. गेल्या महिन्यात मी ती नाणी आईच्या पाकिटात, त्या दोन नोटांच्या शेजारी घातली. लेकीने स्वतःकडचे दोन सेंट टाकून डॉलर पुरा केला आणि पाकीट चिकटवायला डिंक घेतला.

“चिकटवू नकोस,” मी म्हटलं. “अजून विकला जाईल.”